रिकामी ट्रॉली कशी पळाली

आमच्या स्वयंपाकघरात स्टीलचा एक मोठा डबा आहे, वर्षानुवर्षं वरच्या फळीवर असलेला. त्यात मी साखर ठेवते. हा डबा मला बक्षीस मिळालेला. झाकणावर कोरलेली अक्षरं घासून घासून पुसट झालीत, पण डबा अजून आरशासारखा लख्ख आहे. आणि खरं सांगू का, ह्या वर्षापर्यंत मी त्या आरशात कधी नीट बघितलं नव्हतं. साखर काढायची, झाकण दाबायचं आणि मान फिरवायची.

असं का, ते सांगायलाच बसलेय. पण त्यासाठी आधी माझ्या नातीच्या गाड्यांचं सांगावं लागेल. त्या गाड्या रस्त्यावरच्या नाहीत, शरीरातल्या आहेत. तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्याच. घाबरू नका. मी सातवी पास आहे. मला कळलं म्हणजे कुणालाही कळेल.

ही नात म्हणजे माझ्या लेकीची लेक. लेक-जावई तळेगावला राहतात. नात पुण्यात एका संस्थेत पीएचडी करते, आणि तळेगावहून रोजचं लांब पडतं म्हणून आमच्याकडे चिंचवडला असते. म्हणजे नावाला असते. सकाळी मेट्रो पकडायची, दिवसभर त्या प्रयोगशाळेत, संध्याकाळी आली की जेवताना एका हातात मोबाइल. मोबाइलवर पोरं काय काय बघतात, ही काळ्या पडद्यावरचे हिरवे ठिपके बघायची.

"हे काय गं?" मी एकदा विचारलं.

"माझ्या गाड्या आहेत आज्जी."

आमचे हे पेपरमधून डोकं काढून म्हणाले, "हिला एक स्कूटर घेऊन दिली, ती पुसत नाही. आणि म्हणे माझ्या गाड्या."

मग तिनं मला बसवून सांगितलं. मेथी निवडत होतो आम्ही, रविवार होता. आपल्या शरीरात ज्या बारीक बारीक पेशी असतात, त्या एकेका पेशीत म्हणे रस्ते असतात, आणि त्या रस्त्यांवर सामान वाहणारी प्रथिनं चालतात. चालतात म्हणजे अक्षरशः पाय टाकत! दोन पाय, वर एक लांब दांडा, आणि दांड्याच्या वरच्या टोकाला सामान. पेशीत एका जागी तयार झालेला माल दुसऱ्या जागी पोचवायचा. पाठीच्या कण्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जी नस जाते, तिच्यात तर हा प्रवास एवढा मोठा की माल वाहायला कुणी नसेल, तर बोटापर्यंत काही पोचायचंच नाही.

"त्यांना ढकलतं कोण?" मी विचारलं.

"कोणी नाही. स्वतः चालतात. एका पावलाला एक घास लागतो त्यांना. घास खाल्ला की पाऊल टाकलं."

"म्हणजे आपल्या ह्यांच्यासारखंच. भाजी आणायला उठायचं तर आधी चहा."

"मी ऐकतोय," पेपरमागून आवाज आला.

पण मला खरी मजा पुढच्या गोष्टीची वाटली. मी विचारलं, "आणि माल नसला तर? रिकाम्या काय करतात?"

नातीनं मेथीची काडी हातातच धरली आणि माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "आज्जी, मी नेमकं ह्याच्यावरच काम करते. इतक्या जणांना सांगितलं, हा प्रश्न कुणी विचारला नाही."

आता त्यांना कसा सुचणार? माझी एकवीस वर्षं त्याच प्रश्नात गेली होती.

चाकणला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी कामाला होते. सकाळी कंपनीची बस चिंचवडहून निघायची, तिच्यात दुसऱ्या बाकावर माझी जागा. आधी पॅकिंगला होते, नंतर स्टोअरला आले. स्टोअरमधून माल लाइनवर पाठवायचा. तिथंच मी खरं वाचायला शिकले म्हणा. शाळेतलं वाचन विसरून गेले होते, पण मालाच्या चिठ्ठ्या वाचता वाचता मराठी आलं, इंग्रजी अक्षरं आली, मग काही सापडेल ते वाचायची खोडच लागली. भेळेचा कागदसुद्धा उलटून वाचते मी.

तर तिथं माल न्यायला बॅटरीवरची ट्रॉली होती. तिला पुढं एक दांडा असतो, दांड्याला मूठ. ही ट्रॉली आपण ओढायची नसते, दांडा धरून नुसतं सोबत चालायचं, ती आपल्या जोरावर चालते. गंमत अशी की दांडा उभा असला की तिचा ब्रेक लागलेला असतो आणि बॅटरीचा जोर तुटलेला. दांडा खाली ओढला की ब्रेक सुटतो. मग मुठीजवळ अंगठ्यानं दाबायचं एक पान असतं, ते दाबलं की गाडी निघाली. हात सोडला की स्प्रिंगनं दांडा आपोआप वर जातो आणि गाडी जागच्या जागी उभी. म्हणजे काम नसताना ती स्वतःच स्वतःला धरून ठेवते.

आणि आमच्याकडे नियम होता, रिकामी ट्रॉली फिरवायची नाही. मालाबरोबर चिठ्ठी पाहिजे, चिठ्ठीवर दोन सह्या पाहिजेत, एक स्टोअरची आणि एक तपासणीवाल्यांची. दोन्ही झाल्याशिवाय दांड्याला हात लावायचा नाही. नव्या पोरांना वाटायचं काय हा जाच. मी सांगायची, बाबांनो, रिकामी गाडी वाट अडवते, बॅटरी खाते आणि भरलेल्या गाडीला उशीर करते. बसायचं तिनं दांडा उभा करून, गप.

हे सगळं मी नातीला सांगितलं तर ती मेथी टाकून उठलीच. वही घेऊन आली. म्हणाली, "आज्जी, सेम! अगदी सेम!"

तिच्या गाडीचंही तसंच. माल नसला की ती कमरेत दुमडते आणि शेपटीचं टोक, म्हणजे दांड्याचं मालाकडचं टोक, आणून पायांना लावते. पाय बांधले गेले, मग चालणार कशी? माल आला की त्याची पकड तिच्या शेपटीकडं बसते, शेपूट पायांवरून निघते, गाडी सरळ होते आणि चालू लागते. तिच्या गाडीलाही एका जागची पकड पुरत नाही, दोन ठिकाणी धरावं लागतं.

"दोन सह्या," मी म्हणाले.

"दोन सह्या," ती म्हणाली, आणि वहीत लिहूनच घेतलं लेकरानं.

त्या रविवारपासून आमची दोघींची भाषा एक झाली. ती यायची आणि चपला काढता काढता सांगायची, "आज दांडे सगळे खालीच होते गं." मला लगेच कळायचं की दिवस वाईट गेला.

कारण तिचं घोडं तिथंच अडलं होतं. तिला दाखवायचं होतं असं, की माल नसताना गाड्या दुमडून बसतात आणि माल दिला की उघडून चालतात. माल लागल्यावर दांडा नेमका कसा उघडतो, तेच तर शोधायचं. पण तिच्या सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेवरच्या गाड्या माल न देताच पळत होत्या. रिकाम्या! हिरवे ठिपके आपले सुसाट. मग माल दिला काय आणि न दिला काय, फरक दिसणार कसा?

वर्ष झालं होतं तिचं ह्यात. दरवर्षी चार-पाच जणांच्या कमिटीसमोर उभं राहून काम दाखवावं लागतं त्यांना. मागच्या वेळी कमिटीनं सांगितलं होतं की दिवाळीनंतर परत ये, तोवर गाड्या बसलेल्या दाखव, नाहीतर हा विषय सोड आणि दुसरा घे. दुसरा घे म्हणजे पहिल्यापासून सुरुवात. तिच्या मॅडम चांगल्या आहेत, पण त्या तरी कमिटीपुढं काय करणार?

पोरगी हसरी आहे हो. पण त्या दिवसांत पोळीचे तुकडे करून करून ताटात नुसता ढीग करायची. कधी म्हणायची, गाड्यांच्या पाण्यात मीठ कमी पडलं असेल. कधी म्हणायची, थंडीत ठेवलं नाही वाटतं नीट. कधी म्हणायची, माझी गाडीच खराब निघाली, मुळातच दोष आहे तिच्यात. सगळं परत केलं तिनं. नवी गाडी बनवली, नवं मीठ, नवी काच. गाड्या पळतायत त्या पळतायतच.

एका संध्याकाळी तिनं मला लॅपटॉपवर मोठं करून दाखवलं. काळा पडदा, आणि हिरवे ठिपके शिस्तीत एका रेषेत चाललेत. रिकामे. कुणी धरलेलं नाही, माल नाही, चिठ्ठी नाही.

आणि मी खुर्ची पुढं ओढून परत बघितलं. कारण रिकामी गाडी अशी चालताना मी आयुष्यात एकदा बघितली होती. आणि का चालली ते जगात मला एकटीलाच माहीत होतं.

मी उठले, आमटीत साखर टाकायला डबा काढला आणि मान फिरवली.

चार दिवस मी गप्प होते. मी गप्प म्हणजे घरात काळजीचंच कारण. आमचे हे दोनदा विचारून गेले, "दात दुखतोय का?" पाचव्या दिवशी शनिवार होता, नात घरी होती. भिजवलेले पावटे सोलायला घेतले आणि दोघांनाही समोर बसवलं. म्हटलं, ऐका. मध्ये बोलायचं नाही.

दहा-बारा वर्षांमागची गोष्ट. खंडेनवमीचा दिवस. आपल्या ह्या पट्ट्यात खंडेनवमीला कंपनीत जाऊन बघा एकदा. यंत्रं धुऊन-पुसून गंध-फुलं लावून बसलेली असतात, गेटपासून रांगोळ्या, आणि एवढं झेंडूचं फूल की तेलाचा वास कुठल्या कुठं जातो. प्रत्येक विभागाची दुसऱ्याशी चुरस. त्याच्या आदल्या वर्षी आमच्या स्टोअरला वेल्डिंगवाल्यांनी चिडवलं होतं, "मावशी, तुमच्या ट्रॉलीला हार घातलाय का गळफास?"

मला ते लागलं होतं. त्या वर्षी मी पिंपरीच्या बाजारातून पहाटे झेंडू आणला आणि मांडीएवढा जाड हार केला. ट्रॉलीला नवरीसारखी सजवायची असं ठरवूनच गेले होते. पण दांडा उभा असला की हार नुसता लोंबतो, शोभत नाही. मग मी काय केलं? दांडा थोडा खाली ओढला, अर्ध्यावर, आणि हारानंच तो ट्रॉलीच्या पुढच्या बाजूला ताणून बांधला. वर मुठीभोवती चांगले चार वेढे दिले. गच्च. काय दिसत होती म्हणून सांगू! वेल्डिंगवाले येऊन बघून गेले आणि काही न बोलता गेले. ह्याहून मोठा मान नाही.

आमच्याकडे प्रथा अशी की आरती झाली की साहेब एकेक यंत्र क्षणभर चालू करायचे. पूजा झाली, आता यंत्राचा आवाज देवीला ऐकवायचा. तसे साहेब ट्रॉलीपाशी आले, चावी फिरवली आणि हात जोडले.

आणि ट्रॉली निघाली.

हाराचे वेढे त्या अंगठ्याच्या पानावर दाबून बसलेले, दांडा खाली बांधलेला. तिला वाटलं माल आला. निघाली आपली माणसाच्या चालीनं, संथ, रुबाबात. रांगोळीवरून गेली. चाकांना रंग लागला, तिच्या मागं गुलाबी दोन रेघा. साहेब हात जोडलेलेच. गुरुजी तिच्या वाटेतून बाजूला झाले आणि म्हणाले, "जाऊ द्या, जाऊ द्या. देवीच निघाली."

कुणाला सुचेना. लोक तिच्या मागून चालायला लागले, मिरवणुकीसारखे. एक जण टाळ्या वाजवायला लागला. पुढं प्रसादाचं टेबल होतं, त्यावर शंभर माणसांचा शिरा, आणि टेबलामागं भिंतीला टेकून दोन म्हातारे कामगार बसलेले. ते हसत होते. त्यांना कळलंच नव्हतं की ती थांबणार नाही.

मी पळाले. माझं वय आणि माझी साडी बघता पळाले म्हणणं जास्त होईल, पण पोचले. गाडी एकदम थांबवायचं लाल बटण कुठं असतं ते मला चांगलं माहीत होतं, पण ते हाराखाली झाकलेलं. मीच झाकलेलं! मग हातात आला तो हारच धरून ओढला. दोरा तुटला. दांडा टण्णकन वर गेला आणि ट्रॉली टेबलापासून हातभर अंतरावर थांबली. अशी थांबली, जणू कधी हललीच नव्हती.

तेव्हाच मला सगळं कळलं. आणि मी सांगणारच होते. अगदी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात साहेब म्हणाले, "मावशी, केवढं प्रसंगावधान!" आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तोंड मिटलं. फुलं गोळा केली आणि निर्माल्यात टाकली.

पुढच्या आठवड्यात सगळ्यांसमोर नारळ, शाल आणि हा डबा.

आणि मेंटेनन्सचा दादा! तीस-बत्तीसचा मुलगा असेल, परभणीकडचा. तो दसऱ्याला गावी निघाला होता, पिशवी भरून गेटवर ठेवली होती. साहेबांनी त्याला थांबवलं, म्हणाले, दोष सापडल्याशिवाय ही ट्रॉली चालवायची नाही. दोन दिवस त्यानं ती ट्रॉली सुटी करून मांडली. वायर न वायर तपासली, बॅटरी काढली, चावी बदलली. मी त्याला चहा नेऊन द्यायची आणि तो म्हणायचा, "मावशी, कळंना राव. गाडीत काहीच नाही." आणि मी म्हणायची, "असेल कुठंतरी, बघ."

सांगून झालं. पावटे संपले होते. मी सालंच परत सोलत होते.

आमचे हे आधी हसले. मग हसताना खोकला आला, मग चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाले, "दहा वर्षं मी त्या डब्यातली साखर खातोय! चोरीची!"

"तुम्हाला साखर वर्ज्यच आहे," मी म्हटलं.

नात मात्र हसली नाही. मला वाटलं, आज्जीबद्दलचं मत बदललं पोरीचं. मी म्हणाले, "बाई गं, मी शिकलेली नाही. पण मला तुझे हिरवे ठिपके बघून एवढंच वाटलं. तो दादा गाडीत दोष शोधत होता आणि गाडी चांगली होती. तुझ्या गाडीला तू वरून काही बांधलंयस का? सजवलंयस का काही?"

"सजवलं नाही आज्जी. फक्त दिसावी म्हणून..." आणि ती थांबली.

तिच्या गाड्या मुळात दिसत नाहीत. एवढ्या बारीक. म्हणून त्यांना उजेड देणारं एक वेगळं प्रथिन जोडतात, हिरवं चमकणारं, तोच तो हिरवा ठिपका. ते तिनं गाडीच्या शेपटीच्या टोकाला जोडलं होतं. पायांना लावलं तर चालताना अडेल, म्हणून शेपटीला. सगळेच तसं लावतात, म्हणाली. आणि तेच शेपटीचं टोक दुमडून पायांना लागायला हवं.

"केवढं असतं गं ते हिरवं?"

तिनं बोटांनी मापून दाखवलं. गाडीचा पाय एवढा, तर हिरवं जवळपास तेवढंच.

"अगं मग तो हारच झाला की! माझ्यासारखाच जाड! सजवायचंच होतं तर टिकली लावायची."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग पावट्याच्या टोपलीकडे बघितलं, आणि उठून मॅडमना फोन लावायला गॅलरीत गेली. आतून आम्हाला तिचे हातवारे तेवढे दिसत होते. परत आली तेव्हा म्हणाली, "मॅडम म्हणाल्या, त्यांना शंका होतीच एकदा, पण बाकीच्यांचं चालतंय म्हणून सोडून दिली. त्या म्हणाल्या, करून बघ." मग हळूच म्हणाली, "मी त्यांना ट्रॉलीचं सांगितलं. चालेल ना?"

मी पावट्याची सालं गोळा करायला घेतली.

हे काम काही एका दिवसाचं नसतं. टिकली लावायची म्हणजे काय, तर ते जाडजूड हिरवं काढून टाकायचं आणि त्याच्या जागी अगदी इवलासा रंग, तोही शेपटीला नाही, बाजूला, जिथं दुमडायला अडणार नाही अशा ठिकाणी. त्यासाठी गाडी पुन्हा पहिल्यापासून बनवायची. आठवड्यामागून आठवडे गेले. गणपती आले आणि गेले. मी रोज विचारायची नाही. मी फक्त तिच्या चपला काढण्याकडं कान द्यायची. जोरात काढल्या की वाईट दिवस.

मधे एकदा टिकली लागलीच नाही नीट, ठिपकेच दिसेनात. त्या दिवशी ती जेवली नाही, तेव्हा ह्यांनी पेपरमागून नुसतं एवढंच म्हटलं, "त्या परभणीच्या पोरानं दोन दिवस ट्रॉली सुटी केली होती. उपाशी नव्हता तो." ती हसली आणि दोन पोळ्या खाल्ल्या.

आणि मग एका दुपारी, मी गॅसवर दूध ठेवलेलं, तिचा व्हिडिओ कॉल. ती कधी दुपारी करत नाही. नुसता मोबाइल फिरवून पडदा दाखवला. काळा पडदा. ठिपके होते, ह्या वेळी तांबडे. हलत नव्हते. एखाद-दुसरा चुकार उठून जायचा, बाकी सगळे बसलेले. दांडे उभे करून, गप.

"थांब, बघ आता," ती म्हणाली. "आता माल देते." थोडा वेळ गेला. आणि एक ठिपका सरकला. मग दुसरा. मग ह्या कडेनं, त्या कडेनं, शिफ्टची घंटा झाल्यासारखे निघाले सगळे.

दूध उतू गेलं. जाऊ दे म्हटलं.

संध्याकाळी ती आली ती धावतच. कमिटीला अजून पंधरा दिवस होते. म्हणाली, "आज्जी, मला पहिल्याच चित्रात ट्रॉली दाखवायचीय. हार बांधलेली. लोकांना चटकन कळेल. सांगू का तुझी गोष्ट?"

मी म्हणाले, "सांग. पण आधी एका माणसाला मला सांगू दे."

त्या दादाचा नंबर होता माझ्याकडे. दिवाळीला तो अजून न चुकता मेसेज पाठवतो. आता तो दुसऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, तरी फोन उचलला की "बोला मावशी" तसंच. मी आधी पाऊसपाण्याचं बोलले. मग मुलांचं विचारलं. मग म्हणाले, "दादा, ती ट्रॉली. खंडेनवमीची. त्यात दोष नव्हता रे. माझा हार होता."

मग म्हणाला, "माहितेय मावशी."

"काय माहितेय?"

"दुसऱ्या दिवशी मूठ उघडली तेव्हा त्या पानाखाली झेंडूच्या पाकळ्या सापडल्या मला. चांगल्या मूठभर. मग डोक्यात उजेड पडला."

"अरे मग बोलला का नाहीस?"

"तुमचं नाव बक्षिसाला गेलं होतं ना. डबा काढून घ्यायचा का तुमचा? मी लिहून दिलं, पानाखाली कचरा अडकला होता, साफ केला. आणि खाली लिहिलं, पूजेला मुठीला काही बांधू नये. खोटं काहीच नाही लिहिलं."

आणि खरंच, पुढच्या वर्षीपासून नोटीस लागली होती, मुठीला आणि बटणाला हार घालू नये, फक्त गंध लावावं. मला वाटायचं, साहेबांना कुठून सुचलं.

मी म्हणाले, "माझ्यामुळं तुझा दसरा गेला रे गावाकडचा."

तो मोठ्यांदा हसला. "मावशी, त्या वर्षी गेलो असतो ना, तर सासऱ्यांचं सोयाबीन काढायला लागलं असतं. चार दिवस. तुमच्या हारानं वाचवलं मला. मी तर तुम्हालाच कायतरी द्यायला पाहिजे."

मी फोन ठेवला आणि डबा खाली काढला. साखर दुसऱ्या डब्यात ओतली, चिंच लावून घासला, पुसला, आणि परत भरून ठेवला. ह्या खेपेला पुढं, ओट्यावर.

कमिटीच्या दिवशी मी सकाळपासून एक पोळी धड लाटली नाही. दुपारी नात आली. चपलांचा आवाजच आला नाही. बघते तर चपला घालूनच आत आली होती, थेट स्वयंपाकघरात. विषय राहिला! पुढचं काम करायला सांगितलं, शाबासकी दिली, एक बाई तर आपल्याही गाड्यांना हार घातलाय का ते तपासते असं म्हणाल्या म्हणे.

"आणि तुझ्या ट्रॉलीबद्दल विचारलं गं," ती म्हणाली. "कमिटीत एक म्हातारे सर आहेत, कधी हसत नाहीत. बाकी सगळ्यांनी प्रथिनांचे प्रश्न विचारले. त्यांनी शेवटी हात वर केला आणि म्हणाले, माझा एकच प्रश्न आहे. शिरा वाचला का?"

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, वाचला. जिनं हार बांधला, तिनंच तोडला."

मी डबा उघडला. घरात रवा होताच.